सायबांना लीव मिळाली

गल्फात लीव हा शब्द मराठीच आहे. रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला की आधी विचारतो, लीव कधी. मी वादी कबीरच्या वर्कशॉपात उभा जन्म गाड्यांच्या सीटा शिवल्या. मालक, म्हणजे आमचा अर्बाब, दोन वर्षांनी एकदा लीव मंजूर करायचा, हातात तिकीट द्यायचा, आणि मी रत्नागिरीला घरी जायचो. त्यामुळे लीव म्हणजे घर. चौथी शिकलेल्या माणसाला एका शब्दाचा एक अर्थ पुरतो, हे मी तेव्हा छाती काढून सांगायचो. आता नाही सांगत.

विलायतेत मतदान झालं होतं. युरोपातल्या देशांचा संघ आहे, त्यात राहायचं की बाहेर पडायचं, असं तिथल्या लोकांना विचारलं होतं. त्याचा निकाल शुक्रवारी लागला. रमजान चालू, हॉटेलं दिवसा बंद, म्हणून मुलाच्या ओळखीची दोन-तीन कुटुंबं आमच्या फ्लॅटवर जेवायला आली होती. सगळी पुण्या-मुंबईची, शिकलेली, पगारदार. मी काम सुटल्यापासून इथे मुलाकडेच राहत होतो, माझ्या खुर्चीत.

टीव्हीवर एक म्हातारा दाखवत होते. डोक्यावर टोपी, मागे मासळीचं बंदर, त्यात एकही बोट नाही. एक बाई त्याच्या तोंडापुढे माईक धरून काही विचारत होती. म्हातारा सुरू करायचा, अडायचा, गुडघ्यावर हात घासायचा. मग एकदम स्टुडिओ, तिथे कोटवाले हसत बसलेले. आणि मग लांबआखूड रंगीत पट्ट्या.

"काय विचारलं त्याला?" मी म्हटलं.

मुलाचा ऑफिसातला दोस्त सोफ्यावर होता. म्हणाला, "काका, संघ म्हणजे काय, एवढंच विचारलं. तेही येईना. पण मत देऊन मोकळा. या पट्ट्या बघा. शिक्षण जितकं कमी, वय जितकं जास्त, तितकी लीवला मतं."

"कशाला?"

"लीवला. लीव जिंकली ना."

मला खरंच आनंद झाला. मी म्हटलं, "म्हणजे सायबांना लीव मिळाली? बरं झालं. जातील बिचारे घरी. तिकीट कोण देणार, अर्बाब?"

सगळं घर हसलं. दोस्त हसता हसता सोफ्यावर आडवा झाला. मग त्याने मोबाइल काढला. "काका, परत बोला ना. तसंच्या तसं." मी परत बोललो. हशा आला म्हणून तिसऱ्यांदा हातवारे करून बोललो. मोबाइल माझ्यावर रोखलेलाच होता, तेव्हा पुढेही बोललो. म्हटलं, लीववर गेलो की पहिले चार दिवस वाटायचं, सुटलो. नंतर कळायचं, घराला आपली सवय राहिलेली नाही. भांडी कुठे ठेवतात ते पाहुण्यासारखं विचारावं लागायचं. या सायबांचंही तसं होईल का, कोण जाणे. तोवर वाढणं सुरू झालं होतं. कोणी ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही.

पुढचे काही दिवस मी मजेत होतो. जिन्यात बायका म्हणायच्या, "काय काका, तिकीट दिलं का अर्बाबाने?" खालच्या दुकानातही तेच. मला वाटलं, आपलं बोलणं लोकांना आवडलं. मीही उत्तर द्यायचो, "इन्शाल्ला, देईल." अजून थोडं हसवायचो.

संध्याकाळी नात माझ्याबरोबर दुकानात यायची. पाचवीतली पोर, शाळेत सगळं इंग्रजीत, मराठी बोलायची ती दगडावरून पाय टाकत चालल्यासारखी. एका संध्याकाळी ती चपला घालेना.

"तुम्ही जा. मला नाही यायचा."

"का गं?"

"खाली सगळे मला लीववाली बोलतात."

मी सूनबाईला विचारलं. ती आधी म्हणाली, काही नाही हो. मी हटून बसलो तेव्हा तिने मोबाइलवर दोस्ताने सगळीकडे पाठवलेला व्हिडिओ पुढे केला. त्यात आधी तो टोपीवाला म्हातारा होता. अडतोय, गुडघ्यावर हात घासतोय. त्याला जोडून लगेच मी. हातवारे करतोय, तिकीट कोण देणार विचारतोय, आणि माझाही हात गुडघ्यावर. पुढचं, घराचं नि भांड्यांचं, काही नव्हतं, तिथेच खलास. वर लिहिलं होतं, 'विलायतेचा अडाणी, आमचा अडाणी'. चौथीपर्यंतच्या शिक्षणात तेवढं वाचता येतं.

"बाबा, गंमत आहे," मुलगा म्हणाला. "मनावर घेऊ नका."

"तू हसलास?"

"सगळेच हसले."

मला राग यायला हवा होता. आला नाही. जिन्यात आणि दुकानात मी दिलेली उत्तरं एकेक आठवत गेली, आणि कुठे तोंड लपवावं कळेना. ते मला हसत होते, आणि मी त्यांच्या ताटात आणखी वाढत होतो.

ईद झाल्यावर त्याच दोस्ताकडे, वादी अदाईला, जेवण होतं. मुलगा म्हणाला, तुम्ही नका येऊ. मी म्हटलं, येणार. माझ्या मनात ठरलं होतं. हे लोक परत बोलायला सांगतील. तेव्हा सगळं बोलायचं, जे त्याने कापून टाकलं तेसुद्धा, आणि नातीसमोर बोलायचं. आपला आजोबा तेवढाच नाही, हे तिला दिसलं पाहिजे.

झालंही तसंच. ताटं वाढली आणि दोस्त म्हणाला, "काका, एक होऊन जाऊ दे."

"मोबाइल काढ," मी म्हटलं. "या वेळी पूर्ण घे."

मी उभा राहिलो. समोर मोबाइलची ती काच. मी म्हटलं, "लीव म्हणजे." मग परत, "लीव म्हणजे, माणूस जेव्हा घरी." भांड्यांचं सांगायचं होतं. पाहुण्यासारखं विचारावं लागतं ते सांगायचं होतं. घरात रोज घोकलं होतं. तिसऱ्यांदाही 'लीव म्हणजे' एवढंच निघालं. हात खाली गेला आणि विजारीवर घासायला लागला. मला ते कळत होतं, तरी थांबवता येईना.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळे. आणि मीही हसलो. तेच मला सर्वांत जास्त लागलं. हसत हसत खाली बसलो आणि नातीकडे पाहिलं. ती ताटात बघत होती, भाताला हात न लावता. त्यांची लाज वाटत होती की माझी, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

परतताना गाडीत मुलगा आणि सूनबाई पुढे बसली होती, नात आणि मी मागे. ती म्हणाली, "आजोबा, तो टोपीवाला. मी त्याचा मोठा व्हिडिओ बघितला. तो खूप बोलला होता. टीव्हीवर फक्त थांबला तेवढा दाखवला."

"काय बोलला?"

"बोटीचा. त्याची बोट होती, ती विकली." ती शब्द शोधत राहिली. "आणि त्याला माहीत होता, संघ काय ते."

"मत बरोबर दिलं का त्याने?"

"मला नाही माहीत."

मलाही नाही. मला वाटलं, त्याच्याही घरी कोणी लहान असेल, टीव्हीसमोर ताट घेऊन बसलेलं. ते काय बघत बसलं असेल?

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर दुकानात आली. माझ्यापेक्षा दोन पावलं मागे. आता ती कॉलेजात आहे. मला मात्र अजून कोणी विचारलं, काका, लीव कधी, तर मी म्हणतो, सुट्टीला दिवाळीत जाईन. समोरचा जरा गोंधळतो. गल्फात सुट्टी कोणी म्हणत नाही.