आजारी कलमांचा मांडव

रोपवाटिकेत दोन गोष्टी न मागता साचतात. फुटकी मडकी आणि किस्से. मडकी टोपलीत भरून बांधावर टाकता येतात. किश्श्यांचं काय करायचं? चार मित्र चहाला जमले की एकजण म्हणतोच, "तो समाचाराचा सांग रे!" आणि तो सांगायचा तर त्याच्या आधीचाही सांगावा लागतो, नाहीतर ऐकणारा नुसताच बघत बसतो. म्हणून आज सगळे ओळीनं सांगून टाकतो. तुम्हाला हसू येईल. मला त्या पावसाळ्यात एकदाही आलं नव्हतं.

दुष्काळ पडला तेव्हा मी शेतकी कॉलेजात होतो. सुट्टीत आम्ही पोरं जत तालुक्यातल्या एका गावी दुष्काळी कामावर गेलो. तिथं सिद्दण्णा भेटला. थोडी मेंढरं, थोडी कोरडवाहू ज्वारी, एवढाच त्याचा संसार. मी त्याला आणि त्याच्या गावाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "तुम्ही माळावर खड्डे खणून ठेवा, आंब्याची कलमं मी आणून देतो!"

त्या वयात माणूस असं बोलून जातो. पण त्यांनी खरंच खणले! घरटी एक खड्डा, मुरमाड माळावर, पहारीनं. पदवी घेऊन मी रहिमतपूरकडच्या एका शेतकरी सोसायटीच्या रोपवाटिकेत लागलो, तेव्हा ते खड्डे माझी वाट बघत उघडे पडले होते.

सोसायटीचे चेअरमन आप्पा. पक्के ऊसवाले. कोकणातली कलमं आधी आपल्या मांडवात सावरू द्यायची आणि मग जतला न्यायची, हे त्यांना मी महिनाभर पटवत होतो. शेवटी म्हणाले, "आण जा प्रोफेसर तुझी कलमं. विहीर आपली, मांडव आपला. जगली तर नाव सोसायटीचं. मेली तर तुझं! आणि गणपती उठायच्या आत फूट दिसली न्हाई, तर मांडव मोडायचा. तितं मी उसाचं बेणं ठेवणार."

*

कलमं कोकणातून ट्रकनं यायची होती. ड्रायव्हरला मी तीनदा बजावलं होतं, "ताडपत्री सोडू नका. वारा लागू देऊ नका."

ट्रक आला तो उघडाच! ताडपत्री घडी करून ड्रायव्हरच्या बुडाखाली. कलमांची पानं पापडासारखी वळलेली.

"अहो, ताडपत्री?"

"घाट चढल्यावर काढली की. कोंडून घुसमटत होती बिचारी. कराडापास्नं कशी मस्त हवा खात आली बगा!"

मी डोकं धरून बसलो. तेवढ्यात आमच्या गड्यांनी कलमं उतरवायला घेतली. हाताला सवय उसाच्या मोळीची. एकानं वरून फेकायचं, दुसऱ्यानं खाली झेलायचं. कलमाच्या मुळांशी मातीचा गोळा बांधलेला असतो, त्याला हुंडी म्हणतात. हुंडी फुटली की मुळं तुटतात. माझ्या डोळ्यांदेखत दोन हुंड्या फुटल्या आणि मी किंचाळलो. कुणी ऐकेना.

मग मागून आवाज आला, "थम्!"

हे आमचे सुभेदारकाका. पलटणीतून पेन्शनवर आलेले, रोपवाटिकेचे राखणदार. सगळे जागच्या जागी थिजले.

"शेंड्याला धरून काय उतरवता? जवान गाडीतनं मानगूट धरून उतरवतात का रं? बुडाला हात घाला! दोन्ही!"

पुढची सगळी कलमं तान्ह्या पोरासारखी उतरली.

*

कोकणातल्या दमट हवेतून कोरड्या मुलखात आलेलं कलम आधी हबकतं. पानं टाकतं आणि नुसती काडी होऊन उभं राहतं. त्याला सावली द्यायची, वाऱ्याला आडोसा करायचा आणि पाणी बेतानं घालायचं. मुळंच दुखावलेली असतात, जास्त पाणी झालं तर कुजतात. हे सगळं मी पाणी घालणाऱ्या हौसाक्काला नीट समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली.

आठवड्यानं हुंडीत बोट घालून बघतो तर चिखल!

"हौसाक्का, मी एकच तांब्या सांगितला होता ना?"

"मी एकच घातला की."

"मग हा चिखल कसला?"

तपास केला. हौसाक्काचा एक तांब्या. वाटेनं शेताला जाणाऱ्या बायांचा एकेक तांब्या. विहिरीवर आंघोळीला येणाऱ्या गड्यांची एकेक बादली. लांबून आलेल्या पाव्हण्याला पाणी न विचारता पुढं कसं जायचं, हा प्रत्येकाचा सवाल! मी तणतणलो. यापुढं मला विचारल्याशिवाय थेंबही घालायचा नाही, असा हुकूम काढला.

हौसाक्कानं कमरेवर हात ठेवले.

"आवं भाऊ, दुष्काळात पाणी नव्हतं तवा तुमी पोरं सांगत हिंडत हुता, पाणी जपून वापरा. आता हीर भरून वाहतीया, तरी म्हणताय घालू नका. तुमचं सगळं शिकशानच पाण्याच्या इरोधात हाय का?"

*

पानगळ सुरू झाली. शास्त्राप्रमाणे ती होणारच होती. पण पुस्तकात वाचलेली पानगळ वेगळी आणि रोज सकाळी झाडून काढावी लागणारी पानगळ वेगळी. माझं जेवण सुटलं.

एका सकाळी आप्पा गाडीत युरियाचं पोतं घालून हजर!

"प्रोफेसर, तुझी पोरं उपाशी मरतात. माझ्या उसाला हेच घालतो. आठवड्यात काळाशार होतो!"

दुखावलेल्या मुळांवर युरिया म्हणजे जखमेवर मीठ. पण चेअरमनला नाही कसं म्हणायचं? मी घसा खाकरत राहिलो. सुभेदारकाका मात्र मांडवाच्या दारात आडवे उभे राहिले.

"आप्पासाहेब, नवा रंगरूट भरतीला आला की पहिले काही दिवस घर आठवून रडतो. त्याला जिलेबी चारून भागत नाही. त्याला पडून राहू द्यायचं."

"सुभेदार, मी चेअरमन हाय."

"बाहेर आहात. आत ही पलटण माझी. पोतं आत येणार नाही!"

मला वाटलं, आज आम्हा दोघांचीही नोकरी गेली. आप्पांनी सुभेदारांकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं. मग ते पोतं दारातच आडवं करून त्यावर बसले आणि म्हणाले, "चहा तरी आत येतो का बाहेरच प्यायचा?"

*

आता समाचाराचा.

आमच्याकडं कुणी आजारी पडलं की समाचाराला जायलाच हवं. गेलं नाही तर दहा वर्षं बोलणं ऐकावं लागतं. लांबून आलेली कलमं आजारी आहेत ही बातमी पसरली आणि लोक समाचाराला येऊ लागले! आधी आमच्या गावचे, मग शेजारच्या गावांचे. येताना टोपी सरळ करून येत. मांडवात शिरले की आवाज बारीक.

इथपर्यंत ठीक होतं. पण कलम जिवंत आहे की नाही हे बघायची एक रीत सगळ्यांना ठाऊक. नखानं साल खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जिवंत. प्रत्येकजण एकदाच खरवडायचा. पण येणारे किती! एकेका काडीवर ओरखडेच ओरखडे. प्रवासातून वाचलेली कलमं समाचारानं मरणार, याची मला खात्री पटली.

मी बोर्ड लावला, 'कलमांना हात लावू नये.'

दुसऱ्या दिवशी एक आजोबा छत्रीच्या टोकानं खरवडत होते!

"अहो आजोबा, बोर्ड वाचला नाही?"

"वाचला की. हात कुटं लावला?"

मी चिडून घरी गेलो. परत आलो तर सुभेदारकाकांनी बंदोबस्त केला होता. हुंडी फुटलेल्या कलमांपैकी एक पार वाळलं होतं. ते त्यांनी मडक्यात घालून मांडवाच्या बाहेर, दारातच ठेवलं होतं. येईल त्याला सांगत, "आत जायला बंदी आहे. समाचार इथंच घ्या."

लोक यायचे, त्या वाळक्या कलमाला खरवडायचे, "गेलं बिचारं!" म्हणायचे आणि समाधानानं परत जायचे. आतली कलमं वाचली!

फक्त एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. परत जाणारा प्रत्येकजण आपल्या गावी जाऊन काय सांगत असेल?

*

बातमी फिरत फिरत जतला पोचली. कलमं गेली.

एका दुपारी एसटीतून सिद्दण्णा उतरला. खांद्यावर घोंगडं, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. राम राम नाही, काही नाही. माझ्यासमोर खाली मान घालून बसला. मी विचारलं, "सिद्दण्णा, अचानक कसा?" त्यानं नुसतं घोंगडं सावरलं. सुभेदारकाका आले, तेही बसले. काय झालंय ते मला कळेना. याच्या घरी कुणी गेलं की काय?

मग त्यानं गाठोडं माझ्याकडं सरकवलं. ज्वारीच्या भाकरी, वर कोरडं पिठलं.

"कडू घास आणलाय, साहेब. खाऊन घ्या. असं उपाशी बसू नका."

ज्या घरात कुणी गेलं, तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयरे भाकरी घेऊन येतात, तो कडू घास. हा माणूस दोन एसट्या बदलून माझ्यासाठी तो घेऊन आला होता!

मी त्याचा हात धरून त्याला मांडवात ओढत नेलं. ओळीनं उभ्या काड्या. एकावरही पान नाही. तरी मी म्हणालो, "बघ, जिवंत आहेत!"

तो एकेका काडीपुढं थांबत शेवटपर्यंत गेला. हात लावला नाही. परत येऊन त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"ही जित्ती हायत?"

"हो."

"मग मेल्यागत तुमीच का दिसताय?"

*

गणपती बसले. फूट नाही. गौरी आल्या, गेल्या. फूट नाही. रोज उजाडताच मी प्रत्येक शेंडा बघत फिरायचो. काडीवरचे डोळे टपोरलेत असं वाटायचं, दुसऱ्या दिवशी वाटायचं, छे, कालच्यासारखेच आहेत. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आप्पा आले. बरोबर मांडव मोडायला गडी, आणि मागच्या बैलगाडीत उसाचं बेणं!

दाराशी आले आणि थबकले.

"आयला! फुटलं की रं!"

मी धावलो. बघतो तर दारातलं ते समाचाराचं, सगळ्या मुलखानं खरवडलेलं, मेलेलं कलम! त्याला खालून तांबूस कोंब आला होता.

आता यातली मेख अशी. कलमात वरची काडी चांगल्या आंब्याची आणि खालचं मूळ गावठी कोयीचं असतं. दोहोंच्या जोडाच्या खालून कोंब आला तर तो गावठी. तो धरायचा नसतो, मोडून टाकायचा असतो. म्हणजे हे कलम मेलेलंच होतं, फक्त त्याचं मूळ जगलं होतं. खोट्या आधारावर मांडव वाचवायचा? माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मी तोंड उघडलं, "आप्पा, शास्त्राप्रमाणे ही फूट..."

सुभेदारकाकांनी माझ्या पायावर बूट ठेवला. पलटणीतला, नाल ठोकलेला.

"काय म्हणत हुतास प्रोफेसर?" आप्पा म्हणाले.

"काही नाही, आप्पा."

आप्पांनी गाडीवानाला हात केला, "बेणं माघारी ने रं! मेलेलं उठलं, तर आतल्यांचं काय घेऊन बसलाय!"

नंतरच्या आठवड्यात आतली कलमं एकामागून एक शेंड्याला फुटली, खरी फूट. मी अजूनही थोडा लंगडत होतो.

*

परतीच्या पावसात कलमं जतला गेली. ताडपत्री बांधून, पाठीमागं सुभेदारकाका बसून. खड्ड्यात बसवून आलो, पण जीव तिथंच राहिला. दुसऱ्यांदा जागा बदलली, म्हणजे कलमं दुसऱ्यांदा हबकणार. वर त्या वर्षी थंडी कडाक्याची. पत्राला उत्तर नाही. शेवटी पौषात रजा टाकून निघालो आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं पोचलो.

माळावर सूर्य नुकताच आला होता. वारा अंगात शिरत होता. लांबून मला कलम एकही दिसेना. प्रत्येक खड्ड्यावर तीन काठ्या रोवलेल्या आणि त्यावर काही ना काही पांघरलेलं. कुठं पोतं, कुठं जुनेर लुगडं, कुठं पटका.

मी एकेक पांघरूण बाजूला करत निघालो. पहिल्याला तांबूस पालवी. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला पानं चांगली बोटभर.

टोकाचा खड्डा सिद्दण्णाचा. त्यावर त्याचं ते घोंगडं. तो शेजारीच उभा होता. अंगात नुसती बंडी, दोन्ही हात काखेत. मी घोंगड्याचं टोक उचललं. आत नुसती काडी. एक पान नाही.

माझा अंगठा पुढं झाला. नख सालीला टेकणार, तोच त्यानं माझं मनगट धरलं.

"नगं साहेब. निजलंय त्ये."

त्यानं घोंगडं परत सारखं केलं, वाऱ्याच्या बाजूनं खाली दगड ठेवला. त्याचा हात बर्फासारखा गार लागला होता.

मी विचारलं, "सिद्दण्णा, तुला थंडी वाजत नाही?"

"वाजती की," तो म्हणाला. "पर आमी हितलंच हाय."