पार्टिशनपलीकडची हजेरी

माझा चित्रकलेचा वर्ग आणि शेजारची खोली यांच्यामध्ये भिंत नाही, लाकडी पार्टिशन आहे. ते छताला टेकत नाही. वर हातभर मोकळी जागा आहे आणि त्या जागेतून एकोणीस वर्षं एका बाईचा आवाज माझ्या डोक्यावर पडत आला. मुलं तिला गजरबाई म्हणतात. तिच्या तोंडावर नाही अर्थात. मला खोडरबर म्हणतात, कारण ‘खोडा आणि पुन्हा काढा’ हे माझं पालुपद. तेही तोंडावर नाही, पण चित्रांच्या कागदांची मागची बाजू मीच तपासते, त्यामुळे मला सगळं ठाऊक असतं.

गजरबाई पहिलीला मुलं हातात घेते आणि चौथीपर्यंत सोडत नाही. दारावरची पाटी दरवर्षी बदलते, खोली तीच, बाई तीच, आवाज तोच. चौथी संपली की मुलं वरच्या मजल्यावरच्या शिक्षकांकडे जातात आणि ही पुन्हा नाकं पुसायला पहिलीत. तिनं सतराचा पाढा घेतला की माझ्या वर्गातले ब्रश त्या ठेक्यावर चालायचे. आकाश रंगवा म्हणावं, तर झाडून सगळ्यांच्या आकाशात बरोबर दहा पट्टे. मी वर्षाला एक या हिशेबानं खोली बदलून मिळण्याचे अर्ज करत असे. मुख्याध्यापक ‘बघू’ म्हणायचे आणि अर्ज खणात सरकवायचे.

यंदा वार्षिक परीक्षेच्या तोंडावर तिचा घसा बसला. रोजचंच म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग आवाज चिरकायला लागला, मग एका सकाळी प्रार्थनेनंतर तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. ओरडून ओरडून आत बारीक गाठ आली होती. तीन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. गाठ बसली तर बरं, नाहीतर कापावी लागेल आणि मग आवाजाचं काही खरं नाही, असं त्यांनी सांगितलं. तीन आठवडे म्हणजे नेमका शाळेच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा काळ.

हे ऐकून मला आधी क्षणभर बरं वाटलं. तीन आठवडे शांतता! त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

मुख्याध्यापकांनी तिला रजा घ्यायला सांगितलं. तिनं गळ्यात अडकवलेल्या पाटीवर लिहिलं, ‘चौथी आहे.’ त्यावर ते म्हणाले, “ते ठीक आहे, पण पुढच्या वर्षीचं काय? आवाज नसलेल्या बाईच्या हाती मी पहिलीची पंचेचाळीस पोरं कशी देऊ? तुम्ही आपली पुस्तकांची खोली सांभाळा.” माणूस वाईट नाही, पण त्यांचं बोलणं नेहमी नोटिशीसारखं असतं.

मधल्या सुट्टीत ती माझ्या वर्गात आली आणि पहिल्या बाकावर बसली. पाटीवर लिहिलं, ‘पुस्तकांच्या खोलीत मी काय करू? पुस्तकांवर ओरडू?’ मी हसले. तीही हसली आणि हसता हसता रडायला लागली. इतक्या मोठ्या आवाजाच्या बाईला आवाज न करता रडताना पाहून मला काय करावं ते सुचेना. मी तिच्यापुढे रंगाचं फडकं धरलं आणि तिनं त्यालाच डोळे पुसले. गालावर जांभळा डाग घेऊन ती गणिताच्या तासाला गेली.

घरीही मौनच होतं. तिच्या सासूबाईंना घशाचं सांगितलं होतं, पण त्यांना ते पटलं नाही. सुनेनं अबोला धरलाय अशीच त्यांची समजूत झाली. तिसऱ्या दिवशी त्या तिच्याजवळ येऊन म्हणाल्या, “बरं बाई, चुकलंच माझं. तुझ्या माहेरच्यांसमोर त्या पडद्यांवरून तसं बोलायला नको होतं.” ही पडद्यांची गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. गजरबाईनं हे मला पाटीवर लिहून सांगितलं. पाटी चार वेळा भरली आणि चार वेळा पुसली, आणि खाली तिनं जोडलं, ‘आता बोलायची घाई नाही.’

वर्गात मात्र पहिले दोन दिवस धुमाकूळ होता. बेचाळीस मुलं, परीक्षा डोक्यावर आणि बाईंचं तोंड बंद. तिनं टाळ्या वाजवल्या, तर मुलांनीही वाजवल्या. डस्टर आपटलं, तर मागच्या बाकावरून कुणीतरी दप्तर आपटलं. शेवटी मी तिकडे गेले आणि असं काही ओरडले की माझ्याच कानात दडे बसले. वर्ग चिडीचूप झाला. मी विजयी मुद्रेनं वळते, तर गजरबाईनं माझं कोपर धरलं, मला दाराबाहेर काढलं आणि पाटी दाखवली, ‘माझा वर्ग आहे.’ मला राग आला. भलाई करायला जावं, तर हे. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, आणि तीही बोलली नाही, त्यामुळे माझा राग तिला कळलाच नाही.

त्यानंतरच्या दिवशी दुपारी शेजारून गलका येईना. मला वाटलं, मुलांना मैदानावर नेलं असेल. पार्टिशनच्या एका फळीत गाठ निसटून पडलेलं भोक आहे. माझ्या मुलांकडे पाठ करून, खिडकीचं काहीतरी बघतेय असं दाखवत मी डोळा लावला. गजरबाई फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहीत होती, तांदळाएवढ्या अक्षरांत. पुढची मुलं वाचत होती. मागची बाकांवरून उठून माना लांब करत होती. कुणी बोललं की दहा जण ‘शू’ करायचे. सगळ्यांचं वाचून व्हायच्या आत ती ते पुसायची आणि दुसरी ओळ लिहायची. जो गप्पांत रमला, त्याची ओळ गेली.

मला एवढी बारीक अक्षरं दिसेनात. सुट्टीत मी पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीला गाठलं.

“काय गं, बाई काय लिहितात?”

“गोष्ट. रोज शेवटची दहा मिनिटं. आधीचा अभ्यास शांतपणे झाला तरच.”

“कसली गोष्ट?”

तिनं इकडे तिकडे पाहिलं. “एक शेळी होडीत बसली. होडीला वल्ही नव्हती. शेळीनं नदीला विचारलं, तू कुठं निघालीस? नदी म्हणाली, मला काय माहीत, मीही पहिल्यांदाच चाललेय.”

“मग?”

“मग घंटा झाली.”

त्या दिवसापासून आमच्या दुपारी बदलल्या. एकोणीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं की शेजारचा पंखा फिरताना दर सातव्या फेरीला उसासा टाकतो. फळ्यावर खडू चालल्याचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. उन्हाचा चौकोन माझ्या जमिनीवरून हळूहळू सरकत पार्टिशनवर चढायचा आणि वरच्या फटीतून पलीकडे उतरायचा. मुलांच्या पाण्याच्या भांड्यांत रंग विरघळत जायचे आणि मी ते बघत बसायचे. कधी कधी डोळे मिटले की वाटायचं, आपण सगळेच त्या बिनवल्ह्यांच्या होडीत आहोत. शेळी आहे, बेचाळीस मुलं आहेत, शिपाईमामा घंटा मांडीवर घेऊन बसलेत आणि कुणालाच कुठे पोहोचायची घाई नाही.

आणि गंमत म्हणजे मला करमेना. एका सकाळी पाढ्यांच्या वेळेला माझ्या वर्गातल्या एका मुलानं रंगवता रंगवता आपणच ‘सतरा एके सतरा’ सुरू केलं. बाकीच्यांनी साथ दिली. ‘सतरा दाहे’पर्यंत मीही त्यांच्यात होते. पलीकडे खडू थांबला होता. मी भोकाला डोळा लावला, तर पलीकडूनही एक डोळा लागलेला. दोघी एकदम दचकलो. कपाळ पार्टिशनवर आपटलं ते माझं की तिचं, यावर आमचं अजून एकमत नाही.

परीक्षा झाली. तिनं निकालपत्रकं भरली. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ती डॉक्टरांकडे जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी उभी राहून तिनं मला पाटी दाखवली. गाठ बसली होती, कापायची गरज नव्हती. मी तिला मिठी मारणार, तर तिनं पाटीची मागची बाजू पुढे केली. ‘पण ओरडायचं नाही. आता कधीच. घरात बोलतो तेवढंच.’

मुख्याध्यापकांनी ते वाचून मान हलवली. “घरात बोलतो तेवढ्या आवाजात पहिलीचा वर्ग? अहो बाई, कोण ऐकणार? आज शेवटची हजेरी तुम्ही बोलून घ्या. मी दारात उभा राहतो. मागच्या बाकापर्यंत पोहोचलं तर पहिली तुमची. नाही तर पुस्तकांच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात आहेच.”

मग माझ्याकडे वळून त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. माझा अर्ज मंजूर झाला होता. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, तीन खिडक्या, शेजारी कुणी नाही. एकोणीस वर्षांनी! गजरबाईनं माझ्या खांद्यावरून ती वाचली. पाटीवर लिहिलं, ‘वर उजेड छान येतो.’ आणि हजेरीपट घेऊन निघून गेली.

शेवटच्या दिवसाची हजेरी शेवटच्या तासाला होते, आणि त्या तासाला शाळेत एक माणूस दुसऱ्याला ऐकू येत नाही. माझ्याकडे आठवीचा वर्ग होता. हीच ती मुलं, चार वर्षांपूर्वी गजरबाईच्या हातून वर गेलेली. आता ओठांवर मिसरूड, गळ्यांत फाटके आवाज, वह्यांची विमानं करून फेकण्याचा कार्यक्रम जोरात. मी फळ्याजवळ उभी राहिले.

“हे बघा,” मी म्हटलं, “शेजारी हजेरी आहे. बाईंचा आवाज आता तेवढाच उरलाय. मुख्याध्यापक दारात आहेत, आणि त्या ऐकू आल्या नाहीत तर त्यांना पुढच्या वर्षी वर्ग मिळणार नाही.”

मी ‘खोडा’ म्हणायच्या आत विमानं बाकाखाली गेली. सर्वांत दांडगा, उंचेला मुलगा उठला आणि चवड्यांवर जाऊन त्यानं दार लोटलं. दुसऱ्यानं पंखा बंद केला. मग चाळीस मुलं पार्टिशनकडे तोंड करून बसली.

पलीकडे हजेरीपट उघडल्याचं ऐकू आलं.

पहिलं नाव तिनं घेतलं. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. जाडसर, खालचा, थोडा खरखरीत, झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाचा. नाव पोहोचलं. उत्तर मात्र आलं नाही. दुसरं नाव, तेही निरुत्तर. मी धावत भोकाशी गेले. मुलं उत्तर देत नव्हती, कारण ‘हजर’ म्हणण्यातही बाईंचा आवाज बुडेल याची त्यांना धास्ती होती. ज्याचं नाव येई, तो उभा राही, हात वर करी आणि बाईंनी खूण केली की बसे. तीन आठवड्यांत त्यांना तशीच सवय लागली होती. ती नावं घेत गेली, एकेकाकडे बघत, मला पाठ असलेल्या त्याच क्रमानं. मागच्या बाकावरचा दप्तर आपटणारा मुलगा हात वर करून रडत होता, नाकसुद्धा न ओढता.

बेचाळीस झाली. मुख्याध्यापक दारात तसेच उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पहिलीचा नवा हजेरीपट ऑफिसात आहे,” ते म्हणाले, आणि मला खात्री आहे की ते मुद्दाम हळू बोलले. “जाताना घेऊन जा.”

त्यांची पावलं जिन्यापर्यंत गेली. कुणी ओरडलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझी आठवी पार्टिशनला कान लावून होती आणि माझा हात खिशातल्या चिठ्ठीवर होता. तीन खिडक्या. शेजारी कुणी नाही.

तेवढ्यात वरच्या फटीतून तो नवा, जाडसर आवाज पुन्हा आला.

“खोडरबर?”

माझी आठवी एकदम माझ्याकडे वळली. त्यांच्या चेहऱ्यांवर असं भय होतं की हसूच यावं. मला हसू आलं नाही. मी चिठ्ठीवरचा हात काढला आणि वर केला.

“हजर,” मी म्हटलं.

पलीकडे कागदावर पेन टेकलं. एवढं शांत होतं, की तेही ऐकू आलं.