नाचणीचा रिकामा डबा

“इरा लहानपणी काही म्हणजे काही खात नसे. बाबांनी वर्षभर रोज सकाळी तिला नाचणी भरवली, म्हणून ती अशी धडधाकट झाली. गल्लीतल्या त्या थाई बाई मध्ये मध्ये काहीबाही भरवू पाहत, पण बाबांनी दाद दिली नाही.”

माझ्या मुलाने, सौरभने, इराच्या पाचव्या वाढदिवशी पाहुण्यांसमोर सांगितलेली ही हकिकत. टाळ्या पडल्या. मी मान तुकवली. वाक्ये तीन आणि तिन्ही खोटी — मात्र त्यांतले एकही सौरभने रचलेले नाही. ती त्याला मी पुरवली आहेत. हे आजवर मी कोणापाशी बोललो नाही. तुमच्यापाशी बोलतो, कारण तुम्ही निदान मध्येच टाळ्या वाजवणार नाही.

मी अठ्ठावीस वर्षे सरकारी प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासले. दुधात पाणी किती, हळदीत रंग किती — माझ्या सहीवर खटले उभे राहत. खोट्या लेबलाची मला चीड आहे. असा माणूस — पण थांबा, आधी त्या सकाळींविषयी सांगू द्या. ते सांगताना मला अजूनही आनंद होतो. तो लपवला तर आणखी एक लबाडी होईल.

जर्मनीत, लुडविग्सहाफेनला, सौरभ आणि सून मुग्धा, दोघेही कारखान्यात; निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे राहायला आलो. साडेसहालाच बाहेर पडत. दीड वर्षाची इरा नऊ वाजेपर्यंत माझ्या ताब्यात, मग किटा, म्हणजे तिचे पाळणाघर. वाटेवरची गल्ली थाई माणसांची. भाजीवाला हिरव्या जुड्यांची खोकी मांडत असे, मालिशच्या दुकानातल्या दोघी बहिणी पायरी धूत असत. इराला शटर वर जाताना पाहण्याचा विलक्षण नाद. खडखडाट संपला की ती हुकूम सोडी — “नोखमाल!” पुन्हा. आणि तो भला भाजीवाला उघडलेले शटर खाली ओढून पुन्हा वर करी. एकदा नव्हे, रोज. मग दोघी बहिणी हात जोडत, इराही जोडी, आणि तोल जाऊन मागे बसे. मुग्धाची आई फोनवर म्हणते, नमस्कार हे आजोबांचे संस्कार. साफ चूक. तो त्या दोघींचा नमस्कार आहे. मी नुसता उभा होतो.

गल्लीच्या टोकाला नॉय बाईंचे कपडेदुरुस्तीचे दुकान. साठीच्या, बुटक्या, ओठांत टाचण्या धरून बोलणाऱ्या. त्या मला ओपा, म्हणजे आजोबा म्हणत. माझे जर्मन चाळीस शब्दांचे, त्यांचे थोडे अधिक. आमचे छान चालले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी इराला मोठ्या टेबलावर बसवले, बटणांचा डबा तिच्यापुढे ओतला, आणि स्वतःच्या न्याहारीतली अंडे घातलेली भाताची दाट पेज चमच्याने पुढे केली. घरी माझ्या स्वेटरवर नाचणी थुंकून आलेल्या त्या पोरीने आपणहून तोंड उघडले. तेरा चमचे. मी मोजले; सवय आहे.

आणि नाचणी? मुग्धा पहाटे उठून ती लापशी करी — गूळ, तूप, वेलची — आणि स्टीलच्या डब्यात भरून देई. अन्न टाकणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी — नाही, ही सबब झाली. मागे घेतो. लापशी रुचकर होती. मी ती शिलाईयंत्राशेजारच्या स्टुलावर बसून खाल्ली, आणि डबा बोटाने पुसला.

संध्याकाळी रिकामा डबा पाहून मुग्धाचे डोळे भरून आले. तिने त्याचा फोटो पुण्याला आपल्या आईला पाठवला. बाबा, कसं जमवलंत हो, असे तिने विचारले. मी म्हणालो — धीर लागतो. या दोन शब्दांवर मी वर्ष काढले. तिच्या कोलोनच्या मैत्रिणीला तर मी भरवण्याची पद्धत फोनवर समजावून सांगितली. ती लिहून घेत होती.

इथवर तुम्ही हसला असाल. मीही हसतो. पण हे एवढेच असते, तर मी लिहायला बसलो असतो का?

एका शुक्रवारी मुग्धाने रजा घेतली होती. इराची टोपी घरी राहिली म्हणून ती आमच्या मागोमाग आली, आणि दुकानाच्या काचेतून तिने पाहिले — नॉय बाईंच्या हातात चमचा, इराचा आ वासलेला. मी घाईने बाहेर आलो. डबा बंद होता. आत काही उरले नव्हते.

“अहो बाबा, हे रोज चालतं?”

एक खरे वाक्य पुरले असते. ती रागावली असती, मग हसली असती. माझा डबा गेला असता — दुसरे काय जाणार होते?

“मी नकोच म्हणतो गं,” मी म्हणालो. “त्याच मागे लागतात.”

मुग्धा आत गेली. सभ्य शब्दांत, पण स्पष्ट, तिने सांगितले की विचारल्याशिवाय मुलीला काही देऊ नका. मी तिच्या मागे दारात उभा. टेबलावर, नॉय बाईंच्या पुढ्यात, सैल करायला दिलेली माझी तपकिरी पँट पसरलेली होती, कंबर उसवलेली. त्यांनी ती नुसती उचलून दाखवली असती तरी पुरे होते. त्यांनी पँटकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. ओठांतल्या टाचण्या एकेक काढून ठेवल्या, उसवलेल्या कमरेवर तळहात ठेवला, आणि म्हणाल्या, “एन्टशुल्डिगुंग.”

माफ करा. माझ्या तोंडचा शब्द त्यांनी उच्चारला.

सोमवारी पँट मिळाली, इस्त्री केलेली. त्यानंतर इरा त्या टेबलावर बसली नाही. तोवर चमचा स्वतः धरायला ती नॉय बाईंकडे शिकली होती. किटात सगळे खाऊ लागली. नाचणी तिने आजतागायत खाल्लेली नाही. ती मी खात राहिलो. हो, त्यानंतरही.

इरा अजून त्या गल्लीतून नाचत जाते, दर दाराशी हात जोडते. नॉय बाईंच्या काचेपाशी ती सर्वांत जास्त वेळ थांबते. का, ते तिला ठाऊक नाही. आतून टाचण्यांसकट एक हसू येते. माझ्याकडेही येते.

हे वाचून सौरभ म्हणेल, बाबांचे वय झाले. माझी बहीण म्हणेल, जर्मनीची हवा मानवली म्हणून दादा सुटला. हवेने शर्ट फुगतो, कंबर नव्हे. ज्याला वाद घालायचा असेल त्याने माझे कपाट उघडावे. तपकिरी पँट डावीकडे टांगलेली आहे. कंबर आतून पाहावी: ती दोनदा उसवून दोनदा सैल केलेली आहे, आणि दोन्ही वेळचा टाका नॉय बाईंचा आहे.