अळणी पेज

थोरल्याच्या वेळी मला बाळंतरोगाचा ताप भरला, तेव्हा देव आहे की नाही याचीच शंका आली. कांद्याच्या ट्रकमधून मला चाकणहून पुण्याच्या दवाखान्यात नेलं. पिंपरीत बनू लागलेल्या पेनिसिलिनच्या सुया टोचल्या, सलाईन लावलं, ताप उतरला. पण हातपाय? मेले लाकडासारखे पडून! सासूबाई लेकराला समोर धरायच्या, ते रडायचं आणि मला साधा हात त्याच्यापर्यंत नेता येईना. जीव नुसता तीळतीळ तुटायचा.

डॉक्टर म्हणाले, "तापाच्या विषानं स्नायूंच्या पेशींना मार बसलाय. आतला क्षार बाहेर गळतोय, बाहेरचं मीठ आत शिरतंय. रक्तातलं मीठही उतरलंय. पेजेत मीठ घालून प्या, ताकद येईल." पण मी तर आमच्या चाकणच्या चक्रेश्वराला नवस बोलून बसले होते, लेकरू उचलेपर्यंत मीठ खाणार नाही! डॉक्टर रागावले, सासूबाई रडल्या. मी तोंड घट्ट मिटून घेतलं. नवस मोडला आणि देव लेकरावर कोपला तर?

समोरच्या खाटेवरच्या रोग्याला भेटायला आलेली एक बाई हे ऐकत होती. खेड्यातलीच, कपाळावर आडवं कुंकू. जवळ येऊन तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला.

"खुळी का काय तू? देव काय तुझ्या मिठावर टपून बसलाय व्हय? बरं, नवस मोडू नगं, मला दे. तू लेकरू उचलंस्तोवर मी मीठ खायची न्हाई. आता आ कर."

तिनं स्वतःच्या हातानं पेजेत मीठ घातलं आणि मला भरवली. काय गोड लागली म्हणून सांगू! मी हमसून हमसून रडले.

ती गेली. नाव-गाव विचारायचं कुणालाच सुचलं नाही. हळूहळू माझी बोटं हलली, मग कोपरं, आणि एका सकाळी लेकरू मी माझ्या हातांनी छातीशी घेतलं. तिला सांगायला मान वळवली, तर समोरची खाट केव्हाच रिकामी झालेली.

आता पोरगं अंगणभर धावतं. मी दर सोमवारी चक्रेश्वराला जाते. गर्दीत आडवं कुंकू दिसलं की जीव धावतो, ती नसते. नवस बोलणं मी सोडलं, सगळं त्याच्यावर सोपवलं. हात जोडून एवढंच म्हणते, "देवा, तुझे उपकार फिटायचे नाहीत. ती मावशी असेल तिथं तिला कळव, पोरीनं लेकरू उचललं. आता मीठ खा म्हणावं."