टायरताईची वही

टायरताई तापलेल्या टायरला हात लावून बघायची. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा, आधी तळवा, मग उलटा हात. गाडी ट्रॅकवरून आत आली की बाकीची मंडळी ड्रायव्हरकडे धावायची आणि ही गुडघ्यांवर बसून चाकाची विचारपूस करायची. "बाहेरच्या कडेला जास्त तापलाय. वळणात अंगावर घेतोय हा सगळं," असं म्हणायची आणि मगच थर्मामीटरची सुई टायरमध्ये खुपसायची. सुई बहुतेक वेळा तेच सांगायची. पहिल्या दिवशी मीही उत्साहाने हात पुढे केला आणि बोटं भाजून घेतली. "अरे, पापड आहे का तो चिमटीत धरायला?" ती म्हणाली आणि नळाकडे बोट दाखवलं.

ती नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायची. चाकणला टायरच्या कारखान्यात बारा वर्षं चाचण्या घेण्यात घालवून ती इथे आली होती, रॉटरडॅमच्या बंदराजवळ शेड असलेल्या एका स्टॉक कार संघात टायरप्रमुख म्हणून. नवरा पुण्यात, मुलगी इरा इथे शाळेत. इराला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर डचमध्ये यायचं आणि त्या डचला ताई पुन्हा मराठीत उत्तर द्यायची. गणपतीला जमणारे आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. आमच्यात ही एकटी बाई शनिवारी हाताला काळं लावून घरी यायची. तिचं खरं नाव मागे पडलं आणि टायरताई हेच चिकटलं. तिला ते आवडायचं. "तुम्हाला कुणी जावाताई म्हणतं का? मग!" असं वर ऐकवायची.

मी तिच्या नादी लागलो तो कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात. घरून काम करून करून भिंतीशी बोलायची वेळ आली होती. शर्यती पुन्हा सुरू झाल्या होत्या, पण प्रेक्षकांना बंदी, आणि प्रत्येक संघाला मोजकेच पास. ताईचा मदतनीस सीमेपलीकडे अडकला. एका संध्याकाळी ती मास्क हनुवटीवर ओढून दारात उभी. "निखिल, शनिवारी काय करतोस?"

"काही नाही."

"टायर उचलता येतात का?"

"मी डेटाबेस सांभाळतो, ताई."

"म्हणजे येत नाहीत. शिकशील. सहाला खाली ये."

स्टॉक कार म्हणजे दिसायला साधी गाडी, पण आत सगळं पोलाद आणि कानठळ्या बसवणारं इंजिन. ट्रॅक लंबगोल. गाडी वळते ती कायम डावीकडे. म्हणून उजवीकडचे टायर डावीकडच्यांपेक्षा घेराने थोडे मोठे लावतात, मग गाडी आपसूक डावीकडे झुकते. हा फरक कमी पडला की गाडी वळायचं नाव घेत नाही, सरळ बाहेरच्या भिंतीकडे निघते. हे मला ताईने आमच्या स्वयंपाकघरात एक मोठा आणि एक छोटा पेला लाटण्याच्या दोन टोकांना अडकवून, ओट्यावर गडगडवून शिकवलं. पेले डावीकडे वळत गेले आणि सिंकमध्ये पडले. माझी बायको बघतच राहिली.

संघाकडे घेर मोजायचं महागडं साधन होतं. ताईचा विश्वास मात्र शिंप्याच्या टेपवर. पिवळी, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, लक्ष्मी रोडवरून आणलेली. टायरला टेप गुंडाळून ती ब्लाउजचं माप घेतल्यासारखी मान वाकडी करायची आणि मग खडूने टायरवरच आकडा लिहायची, खाली बाण, डावा की उजवा. चढवण्याआधी पुन्हा एकदा टेप. "लिहिलेलं वाचायचं नाही, मोजलेलं वाचायचं," हे तिने मला पहिल्या शनिवारी निदान चार वेळा ऐकवलं. मी चारही वेळा मान डोलावली.

संघात ड्रायव्हर दोन. रूबेन चाळिशीचा, नाकाने कांदे सोलणारा, पण वळणात गाडी घालण्यात पटाईत. योस्त पंचविशीचा, शांत, कॉफीचा कप घेऊन सगळीकडे भटकणारा. प्रायोजक हात आखडता घेत होते आणि मालकाने सांगून टाकलं होतं की पुढच्या हंगामात एकच गाडी, एकच ड्रायव्हर. झालं! तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहू लागले. शर्यत संपली की पाच मिनिटांत शेडमध्ये खापर फोडायचा कार्यक्रम सुरू. मेकॅनिक ड्रायव्हरवर, ड्रायव्हर मेकॅनिकवर, दोघं मिळून टायरवर. डच माणसं तोंडावर बोलतात म्हणे. बोलतातच, आणि सगळी एकदमच!

ताई या कार्यक्रमाला 'पंचनामा' म्हणायची. हा शब्द तिने मेकॅनिकांनाही शिकवला होता. ती मधे उभी राहून एवढंच विचारायची, "काय झालं? कुणी केलं, ते मी विचारलेलं नाही." मग एक लांबट वही काढायची. पानावर दोन रकाने. डावीकडे काय झालं. उजवीकडे नाव. नियम एकच, उजव्या रकान्यात फक्त स्वतःचं नाव लिहायचं आणि स्वतःच्या हाताने. दुसऱ्याचं नाव तिथे घालायला परवानगी नाही, मग तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं का असेना.

मी ती वही चाळलेली आहे. उजवा रकाना बराचसा रिकामा. ताईचं नाव पुष्कळदा. योस्तचं तीनदा, एकदा शेजारी रडका चेहरा काढलेला. रूबेनचं एकदाही नाही. मला या बाईचं नवल वाटायचं. रिकाम्या रकान्यांचा तिला राग कसा येत नाही? एकदा गाडीत विचारलं. ती म्हणाली, "कोण कोण करत बसलं की माणसं डोकं चालवायचं थांबवतात आणि पळायची वाट शोधतात. मला टायरचं काय झालं ते कळलं की माझं काम होतं. नावाचं ज्याचं त्याने बघावं."

आता माझ्या नावाचं सांगतो.

हंगामाची शेवटची शर्यत. सकाळी आयोजकांनी नियमांचा कागद हातात दिला, बाहेरून आणलेली प्रत्येक वस्तू जंतुनाशकाने पुसून घ्या. ताई मोजमाप करून, खडूने आकडे लिहून बैठकीला गेली होती. मी घरी दुधाची पिशवीसुद्धा पुसणारा माणूस. बाटली उचलली आणि रूबेनचे चारही टायर घासून पुसले, असे की काळ्या आरशासारखे दिसायला लागले. कौतुकाने मागे सरून बघितलं, तर आकडे गायब.

कर्म माझं! पिवळी टेप समोरच खिळ्याला लटकत होती. मोजायला पाच मिनिटं लागली असती. पण तेवढ्यात ताई आली असती आणि "पुन्हा का मोजतोस?" म्हणाली असती, तर काय सांगायचं? टायर पुसले? सगळे हसले असते. मला आकडे आठवत होते, निदान वाटलं तरी तसं. खडू घेतला आणि लिहून टाकले. समोरून योस्त कप घेऊन चालला होता, त्याने हात हलवला. मीही हलवला.

माझे आकडे चुकले होते, मागचे दोन टायर डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे असे उलटे लागले. तिसऱ्या फेरीत रूबेन आणि योस्त शेजारी शेजारी वळणात शिरले. योस्त वळला, रूबेनची गाडी वळलीच नाही. सरळ जाऊन भिंतीला घासत घासत थांबली. रूबेनचं मनगट मुरगळलं, बाकी काही नाही, देवाची कृपा. पण तो बाहेर आला तो ओरडतच, "त्याने ढकललं मला! जागेसाठी ढकललं!" योस्त म्हणाला, "माझी गाडी लागलीच नाही." चित्रीकरण धूसर होतं, त्यातून काहीही काढता आलं असतं. मालकाने एकदा योस्तकडे पाहिलं, एकदा ताईकडे. "ढकललं असेल तर योस्त जाईल. टायर असतील तर ताई. सोमवारी सकाळी मला नाव पाहिजे."

ताई गेली तर काय होणार, हे आम्हा कामाच्या परमिटवर राहणाऱ्यांना कुणी समजवायची गरज नव्हती. तीन महिन्यांत दुसरी नोकरी, नाहीतर चंबूगबाळं उचला. त्या दिवसांत नोकऱ्या होत्या कुठे? आणि इराचं शाळेचं शेवटचं वर्ष. माझं काय जाणार होतं? काही नाही! मी तिथला नोकरसुद्धा नव्हतो. तरी मी पाठ फिरवून टायर गाडीत भरायला लागलो. आजही लाज वाटते ती याचीच, की भीती नोकरीची नव्हती, नुसती हसं होईल याची होती.

परतीच्या वाटेवर ताई गाडी चालवत होती. मग म्हणाली, "इतके चकचकीत टायर मी जन्मात पाहिले नव्हते." आणि गिअर बदलला. मी खिडकीबाहेरच्या गाई मोजत बसलो.

रविवारी सकाळी आमच्या दाराशी वही ठेवलेली, त्यात पेन. शनिवारच्या पानावर दोन ओळी. 'मागचे टायर उलट बाजूंना लागले.' समोर रिकामं. 'चढवण्याआधी पुन्हा टेप लावली नाही.' समोर तिचं नाव. मी दिवसभर ती वही घरात इकडून तिकडे हलवत होतो. शेवटी बायको म्हणाली, "अरे, तीन अक्षरं तर लिहायचीत!" सोमवारी सकाळी जिन्यात ताईच्या बुटांचा आवाज आला तेव्हा लिहिलं आणि धावत खाली गेलो.

शेडमध्ये मी वही मालकासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. कुणीही हसलं नाही. रूबेनने योस्तपुढे हात केला, मग कोरोना आठवून कोपर लावलं. मालक मात्र कपाळ चोळत बसला. म्हणाला, शनिवारी संध्याकाळीच प्रायोजकाचा फोन आला होता, त्याला शब्द दिलाय की टायर विभागात बदल करतो. "तू हे शनिवारी सांगितलं असतंस, तर मी तो शब्द दिला नसता." आणि ताईकडे वळून म्हणाला, "शिवाय दुसऱ्या ओळीत तुझंच नाव आहे."

"आहेच," ताई म्हणाली. "ते झालंच होतं."

मी बाहेर येऊन रडलो, चांगला चौतीस वर्षांचा घोडा. योस्त शेजारी येऊन उभा राहिला, दीड मीटर अंतर ठेवून. म्हणाला, "मी तुला टायर पुसताना बघितलं होतं. खडूने लिहितानाही."

"मग बोलला का नाहीस? तुझी जागा जात होती!"

"नाव तुझं होतं ना," तो म्हणाला. "वहीचा नियम आहे."

म्हणजे ताईला माहीत होतं, योस्तला माहीत होतं आणि दोघंही दोन दिवस आपापली भाकरी पणाला लावून माझी वाट बघत थांबले होते.

तीन महिन्यांत ताईला दुसरी नोकरी मिळाली नाही. नाताळच्या आधी ताई आणि इरा पुण्याला निघाल्या. ताईला चाकणच्या जुन्या कारखान्याने परत घेतलं. इरा माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. निघण्याच्या सकाळी मी बॅगा खाली नेल्या. वही अजून वर ताईच्या घरातच होती, इतर कागदांबरोबर. मी ती मागून घेतली, जिन्याच्या पायरीवर बसलो आणि त्याच पानावर तिसरी ओळ लिहिली. 'शनिवारी सांगायचं ते सोमवारी सांगितलं.' समोर माझं नाव.

ताईने वही हातात घेतली. चष्मा कपाळावर सरकवून ती ओळ वाचली आणि तापलेल्या टायरला लावायची तसा त्या पानावर तळवा ठेवला.

"अक्षर फार वाईट आहे रे तुझं," ती म्हणाली. आणि मोठ्या बॅगेत नाही, खांद्यावरच्या पिशवीत, पासपोर्टांच्या शेजारी तिने ती वही ठेवली.