काट्यावरची ताई

हमरस्त्याच्या नाक्यावर ट्रकांचा वजनकाटा होता आणि काट्यावर ताई होत्या. ड्रायव्हर त्यांना तोंडावर ताई म्हणत, पाठीमागे तराजू. हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यात वाईट काय, असं त्यांचं मत होतं.

नवरा मालगाडीचा गार्ड, धाकटा भाऊ ट्रकमालक. त्यामुळे भाऊ जेवायला आला की पानावर बसल्या बसल्या वाद.

"आमचा रूळ आम्हीच बांधतो, आम्हीच दुरुस्त करतो, तो खर्च भाड्यात धरतो," नवरा म्हणे. "तुमचा रस्ता सगळ्यांनी बांधायचा आणि तुम्ही उखडायचा."

"फुकट पळवतो का भावोजी? कर भरतो."

"स्कूटरवालाही भरतो. तो किती खड्डे पाडतो?"

ताई म्हणत, "आधी जेवा."

मग नियम बदलला. रस्त्याचा कर सरसकट न राहता वजनावर आला, आणि मर्यादेपेक्षा जास्त माल असेल तर तो नाक्यावरच उतरवायचा असं ठरलं. थोड्याच दिवसांत भावाचा ट्रक एका बांधकामाचं सिमेंट घेऊन काट्यावर चढला. भाऊ स्वतः चालवत होता. ताईंनी आकडा पाहिला, ट्रक मागेपुढे करायला लावून पुन्हा पाहिला.

"काटा उन्हानं तापला असेल," भाऊ म्हणाला.

"जादा माल उतरव."

"अगं, मी तुझा भाऊ."

"म्हणून दोनदा वजन केलं. बाकीच्यांचं एकदाच करते."

भावानं जादा पोती उतरवली आणि ताईंच्या खोलीच्या दारातच त्यांची थप्पी लावली. "भावोजींना सांग, न्या म्हणावं आगगाडीनं," असं म्हणून तो निघून गेला. ताईंनी त्या दुपारी डबा उघडला नाही.

नवऱ्यानं मात्र निरोप अक्षरशः घेतला. हातगाडी आणून पोती मालधक्क्यावर नेली, रीतसर पावती फाडून रवाना केली. पोती उशिरा पोचली, पण एकही फाटलं नव्हतं. अडचण एवढीच, की पोती जिथं उतरली त्या स्टेशनपासून बांधकाम बरंच लांब होतं. नवऱ्याला मेव्हण्याला फोन करावा लागला.

"तुझा माल स्टेशनात पडलाय. पुढे रूळ नाही."

"म्हणजे ट्रक पाठवू?"

"पाठव. बेतानं भर."

यातून दोघांचा धंदेवाईक समेट झाला. लांबचा माल रुळावरून, स्टेशनपासून पुढचा भावाच्या ट्रकमधून. वॅगन मिळाली नाही की भाऊ सगळा माल ट्रकनंच नेई, नवा कर भरे आणि रेल्वेला शिव्या देई. नवरा त्या ऐकून घेई, कारण बऱ्याचशा खऱ्या असत.

ताईंशी मात्र भाऊ बोलत नव्हता. नाक्यावर ड्रायव्हरलाच पाठवी.

बऱ्याच महिन्यांनी एकदा तो स्वतः आला. ट्रक काट्यावर उभा करून खाली उतरला आणि खिडकीशी येऊन थांबला.

"बरोबर आहे का?"

"बरोबर आहे. चहा घेतोस?"

"मागे गाड्या खोळंबल्यात."

"खोळंबू देत," ताई म्हणाल्या आणि दुसरी खुर्ची पुढे ओढली.