नदी जिरते त्या गावी

आमच्याकडे मुलगी पाहतात ती चहा-पोह्यांवर, आणि मुलगा पाहतात तो त्याच्या विहिरीत डोकावून. शिंदखेड्याकडची माणसं आम्ही. पाण्याचा विषय निघाला की आमचा आवाज आपोआप खाली येतो. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, माझ्या लग्नासाठी एकच अट ठेवली होती. "पोरगं काळं ऱ्हावो का गोरं, पानी पाहिजे." शिक्षण, पगार, पत्रिका या गोष्टी त्यांच्या लेखी ताटातल्या लोणच्यासारख्या. असल्या तर बऱ्या.

तापीपलीकडून, सातपुड्याच्या अगदी पायथ्याहून एक स्थळ आलं. मुलगा मला पाहायला आला, रीतीप्रमाणे आम्हाला दोघांना ओट्यावर बोलायला बसवलं, आणि त्याचं पहिलंच वाक्य, "आमच्या शेतात दगड फार आहेत, हं." मुलगी पाहायला येऊन स्वतःच्याच शेताची निंदा करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला तो फार आवडला. पण मला विचारतं कोण? घरात पसंती आबांची, आणि आबांची पसंती पाण्याची.

दसऱ्यानंतर आबा आणि मामा जमीन पाहायला गेले. पुढचं सगळं मामांकडून कळलेलं, तेव्हा त्याला थोडं तिखटमीठ लागलेलं असणार.

मुलाचं गाव म्हणजे डोंगर संपतो तिथलं पहिलं गाव. वरच्या अंगाला वनखात्याची हद्द, तिच्यापलीकडे साग-सलईचं जंगल, आणि त्या जंगलातून खळाळत उतरणारी नदी. आबा तिला पाहून हरखले. चपला काढून पाण्यात उतरले, तोंड धुतलं, उगाचच टोपीसुद्धा भिजवून घेतली आणि मामांच्या कानात म्हणाले, "पक्कं करी टाक."

मग सगळे काठाकाठानं शेताकडे निघाले. थोडं चालल्यावर नदीचा ओढा झाला. आणखी थोडं चालल्यावर ओढ्याचा ओघळ झाला. मुलाच्या शेताशी पोचेपर्यंत पात्रात नुसते गोटे उरले. आबा थांबून मागं पाहायला लागले, जणू वाटेत कुणी पाहुणा मागं राहिलाय.

"नदी कोठे गयी?"

"जिरली," मुलाचे वडील शांतपणे म्हणाले. "डोंगरातून वाहून आलेले गोटे आहेत इथं, पार खोलवर. सगळं पाणी पिऊन टाकतात."

शेतात ज्वारी, मका, थोडा भुईमूग, पीक तसं बरं होतं. पण विहीर इतकी खोल की आबांनी टाकलेल्या खड्याचा आवाज वर यायला वेळ लागला, आणि तेवढ्यात आबांचं मत बदललं. "जठे नदी टिकत नही, तठे मनी पोर काय टिकी?" हे त्यांनी मुलाच्या बापाच्या तोंडावर म्हटलं. मामा मोठ्यानं खोकले, पण बाण सुटला होता.

मुलाच्या वडिलांना लागलं. "पाणी पळून नाही जात कुठं. जमिनीतून खाली सरकतं. तापीकडच्या गावांत जाऊन विहिरी बघा. आमचे दगड पितात, म्हणून त्यांच्या केळी उभ्या आहेत."

"म्हनजे वाढनारा तुम्ही आनि जेवनारा त्या खालला?"

"तसंच म्हणा."

दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. आबांनी ते शास्त्र जसंच्या तसं मान्य केलं, चहा संपवला आणि तडक खालच्या गावांकडे निघाले, माझ्यासाठी जेवणाऱ्यांत स्थळ शोधायला!

मामा हे घरी येऊन हसत हसत सांगत होते आणि मी तव्यावर भाकरी जाळत होते. शाळेत भूगोलात मी कायम काठावर पास. पण त्या विषयानं असा सूड उगवावा?

खालच्या गावात स्थळ मिळालंही. चहूकडे केळीच्या बागा, दारात ट्रॅक्टर, आणि विहिरीत डोकावलं तर स्वतःचं तोंड दिसेल असं पाणी. आबा नुसते तरंगत होते. बोलणी करायला पुन्हा गेले तेव्हा त्या बागायतदारानं जेवताना सहज गाऱ्हाणं मांडलं. विहिरीवर भागत नाही, बोअर दरवर्षी आणखी खाली न्यावी लागते, आणि आपली नाडी सगळी वरच्यांच्या हातात. "उद्या त्यांनी दगड वेचून रानं सपाट केली, वरचं जंगल उठवलं, की आमची केळी आडवी."

आबांचा घास हातातच राहिला. "म्हनजे मालक वरला शे!"

हात धुतले आणि पुन्हा पायथ्याचं गाव गाठलं. मामांनी वाटेत समजवायचा प्रयत्न केला, त्यांना एवढंच उत्तर मिळालं, "तोटी ज्याना हातमा, पोर त्याले देवानी." मुलाचे वडील भला माणूस, त्यांनी आधीचं बोलणं मनात ठेवलं नाही. मी आनंदानं अंगणभर नाचले, अर्थात कुणी नसताना.

लग्न झालं. तोटी आमच्याच हातात होती, फक्त ती उघडत होती खालच्या गावात. चैत्र लागला आणि आमच्या विहिरीतली मोटार पाण्याऐवजी हवा ओढायला लागली. मग मी आणि नवरा मोटरसायकलला कॅन अडकवून पाण्याला जायचो, तेही त्याच केळीवाल्याच्या विहिरीवर, कारण दुसरा कुणी भरू देत नसे. पाणी आमच्या दगडांनी मुरवलेलं, आणि ते मागायला आम्ही नाकारलेल्या स्थळाच्या दारात! नवरा वाटेत त्यावर इतके विनोद करायचा की हसून हसून अर्धं पाणी माझ्या पदरावर सांडायचं.

अशाच एका सकाळी आबा न कळवता आले. खालच्या फाट्यावर एस्टीतून उतरले तर समोर लेक-जावई कॅन भरताहेत. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, बागेकडे पाहिलं. घरी येऊन जेवले, पण हात धुताना तांब्यातलं निम्मं पाणी तसंच ठेवलं.

संध्याकाळी रिकामे कॅन घेऊनच त्यांना फाट्यावर सोडायला गेलो तेव्हा म्हणाले, "पोरी, मनी चूक व्हयनी."

जन्मात कधी चूक कबूल न केलेला माणूस. मला रडू येत होतं. म्हटलं, "आबा, तुम्ही पाणी पाहिलं. मी माणूस पाहिला होता."

आबा एकदम भडकले. "मंग तव्हाच सांगती ना! फुकट दोन गावं हिंडनू मी!"

"तुम्ही इचारं का मले?"

एस्टी आली, आबा चढले, खिडकीशी बसले. गाडी सुरू झाली तसं डोकं बाहेर काढलं. "आते इचारस. सुखी शे का तू?"

मी मान डोलावली. इंजिनाच्या घरघरीत त्यांना वाटलं मी काहीतरी बोलले. "काय?" म्हणाले. गाडी हलली होती. मग मी तिच्याबरोबर पळत, फाट्यावरच्या झाडून सगळ्या लोकांदेखत ओरडले, "शे, आबा! सुखी शे!" आणि मागं वळून पाहिलं, तर नवरा कानापर्यंत लाल होऊन रिकामे कॅन पुसत उभा होता.